हवेची सोय

चाकण
दि. ५ जानेवारी २०२५

ती. ज्योतीराममामा,
साष्टांग नमस्कार.

कानांमुळे तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र भोसरीहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो केजच्या स्टँडवर तुमच्या अंजलीच्या हातात देईल. उत्तरही त्याच्याकडेच द्यावे. पत्र आईला वाचून दाखवू नका. काळजीचं काही नाही, पण ती उगाच विचार करत बसते.

काम असं आहे. दीपालीच्या लग्नात आपण दिलेला गॅस गीझर मी मोशीला तिच्या सासरी स्वतः बसवला होता. महिना-दीड महिना चांगला चालला. आता नळ उघडला की नुसतं टिक टिक वाजत राहतं. पेटलाच तर भप्प करून पेटतो. ज्योत पिवळी दिसते आणि पाच मिनिटांत पाणी कोमट होतं. तुम्ही पिंपरीत बावीस वर्षं गीझरचंच काम केलं, म्हणून तुम्हाला विचारतो. इथल्या मिस्त्रीचे हात मी पाहिलेत. तो नखं कापत नाही.

काल सुट्टी होती. सिलिंडर बंद करून मी गीझरचं झाकण काढलं. मामा, तेव्हापासून मला जेवण जात नाही. बर्नरवर झुरळांची अंडी होती, काही फुटलेली, काही भाजलेली. वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी बसली होती, आणि ती कोरडी नाही, तेलकट. बोट लावलं तर साबणाने तीनदा धुऊनही रेषांमध्ये काळं राहिलं. पाणी येतं तिथल्या जाळीत हिरवं बुळबुळीत काहीतरी होतं. चिमट्याने ओढलं तर त्यातून कबुतराचं पीस निघालं. हे लोक त्याच पाण्याने चुळा भरतात.

मी ते पीस कागदात घेऊन खाली मालकीणबाईंकडे गेलो. गोजाबाई मूळच्या मोशीच्याच. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "टाकी धुतलीया की दिवाळीला. आन् कबुतरं काय मला इचारून येत्यात व्हय?" आणि तोच हात शेंगांच्या परातीत घातला, ज्याने पीस उचलून पाहिलं होतं.

दीपालीच्या सासूबाई, दुर्गाबाई, पूर्ण वेळ माझ्या मागे उभ्या होत्या. "तुमच्याकडची वस्तू आहे, तुम्हीच निस्तरा," एवढंच म्हणत होत्या. भावजी, म्हणजे प्रज्वल, शिफ्टवरून येऊन झोपले होते.

सेल बदलू का, ज्योत पिवळी कशाने होते, पट्ट्यांमधली काजळी कशाने काढू, हे सविस्तर लिहा. मी तसंच्या तसं करीन.

ता. क. अंघोळीनंतर डोकं जड होतं असं दीपाली म्हणाली. थंडीचं असेल.

तुमचा,
समाधान


केज
८ जानेवारी

चि. समाधान,
आशीर्वाद. खुशाली कळवायची रीत आहे, पण तू आमची विचारली नाहीस, म्हणून मीही सांगत नाही.

तुझं अक्षर बघून दहावीला नापास करणाऱ्यांची कीव येते. झुरळाची अंडीसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिलीस.

आता ऐक. सेल दोन्ही एकदम बदल, एक जुना एक नवा चालत नाही. जाळी ब्रशने धू, पाण्याचा जोर वाढेल आणि पेटायचे नखरे कमी होतील. बोअरच्या पाण्याने नळीत आतून पांढरा थर धरतो. लिंबाचं सत्त्व गरम पाण्यात घालून ते नळीत तासभर भरून ठेव, मग सोडून दे. पट्ट्या कोरड्या ब्रशने झाड, तारेचा ब्रश लावू नको. सगळं जोडल्यावर गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बघ. बुडबुडा आला तर परत खोल. काडी लावून बघणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांच्या भुवया नसतात.

हे झालं सर्व्हिसिंगचं. पिवळ्या ज्योतीचं निराळं आहे. निळी ज्योत म्हणजे पोटभर हवा मिळते. पिवळी म्हणजे मिळत नाही. उपाशी ज्योत काजळी टाकते, आणि काजळीबरोबर जो वायू टाकते त्याला रंग नाही, वास नाही.

तू झुरळं लिहिलीस, पीस लिहिलंस, गोजाबाईच्या शेंगा लिहिल्यास. गीझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर, हे लिहिलं नाहीस. आत असेल तर खिडकी किती बाय किती, आणि उघडी की बंद? एवढ्याचं उत्तर आधी दे. डोकं जड होतं हे तू शेवटी लिहिलंस, मी ते सगळ्यात आधी वाचलं.

तुझं उत्तर येईपर्यंत दीपालीला सांग: बादली भरायची, गीझर बंद करायचा, सिलिंडरचा खटका बंद करायचा, आणि मगच दार लावून अंघोळीला बसायचं. हे आजच सांग.

तुझा,
ज्योतीराममामा


चाकण
१२ जानेवारी

ती. मामा,
नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. काल सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. दोन्ही सेल नवे टाकले. लिंबाच्या सत्त्वाचं पाणी तासभर ठेवून सोडलं तर ताकासारखं पांढरं पाणी आलं, त्यात खपल्या होत्या. साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही. आता पहिल्याच टिकटिकीला पेटतो आणि ज्योत निळी आहे. गीझर आतच आहे. हवेची सोय आहे.

आता दुसरं लिहितो. हे लिहिताना मला शिसारी येते आहे, पण तुम्हाला कळायला हवं.

शुक्रवारी सकाळी दीपाली बाथरूममध्ये पडली. भावजींचा फोन आला तसा मी गाडी काढून अर्ध्या तासात मोशीला पोहोचलो. मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती, पण कुठे बघते ते कळत नव्हतं. उशाशी भावजींचा कंपनीतला बूट होता. बारा तासांच्या शिफ्टचा बूट, ऑईलने काळा, आतून ओला. तिच्या वरच्या ओठावर काळा डाग होता. मला आधी तो मार वाटला. मग कळलं, बूट नाकाशी दाबून धरला होता.

दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं, आणि जरा खुशीतच सांगितलं. आत धपकन आवाज आला. हाक मारली, उत्तर नाही. प्रज्वलने लाथ घालून दार उघडलं, ओढून बाहेर आणलं. हात वाकडे झाले होते, तोंडाला फेस. "मी म्हटलं, आण तो बूट. हुंगवला, आणि दोन मिनिटांत डोळे उघडले. बुटाने उठली म्हणजे फिटच ती. आमच्या गावात दोघांना आहे, मला नका शिकवू."

मी म्हणालो, आमच्या दीपालीला कधीच फिट आलेली नाही.

त्या म्हणाल्या, "आली असती तरी सांगितलं असतंत का? मागच्या शुक्रवारी पण चक्कर येऊन बसली होती. दोन्ही वेळा शुक्रवार. फिट तरी आहे, नाहीतर बाहेरचं काही तरी आहे. दोन्हीपैकी काय लपवून दिलंत ते तुम्ही सांगा."

ती हे ऐकत होती, मामा. चादर तोंडापर्यंत ओढून पडली होती, ओठावरचा डाग तिने पुसला नव्हता. मी रुमाल ओला करून दिला तर दुर्गाबाई म्हणाल्या, "राहू द्या, त्याने उतार पडतो."

भावजी शेजारीच बसले होते. मोबाईल बघत होते. जवळच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहून फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन ती दिवसभर झोपते आणि झोपते म्हणून पुन्हा बोलणी खाते.

येत्या रविवारी, १९ तारखेला, बैठक ठरवली आहे. तुम्हाला बोलावलंय. दुर्गाबाईंचे शब्द असे: "मुलगी घेऊन जा, बरी करा, मग बघू." ते 'मग' कधी येणार नाही हे मला कळतं. एकदा हा शिक्का बसला की ती आयुष्यभर आईजवळ बसणार.

तुम्ही या. आपल्या घराण्यात कुणालाच फिट नाही, असं चार माणसांत सांगा. तुम्ही मोठे आहात, तुमचं ऐकतील. आईला कळू देऊ नका.

समाधान


केज
१५ जानेवारी

समाधान,

हे पत्र हातात पडायच्या आधी अंजलीचा फोन तुला गेला असेल. 'गीझरचा सिलिंडर काढून गॅलरीत ठेव, पाणी शेगडीवर तापवा,' एवढंच तिला सांगायला लावलं. ते केलं असशील तर पुढे वाच. नसशील तर पत्र बाजूला ठेव, आधी ते कर.

मी येणार नाही. गुडघे दुखतात हे कारण नाही. मी आलो तर तू माझ्या मागे उभा राहशील.

फिट कुणाला होती, कुणाला नव्हती, ते राहू दे. पोरगी कधी पडली? अंघोळीत. उठली कधी? बाहेर आणल्यावर. दार फुटलं, हवा लागली, म्हणून डोळे उघडले. बूट मध्येच आला आणि त्याने श्रेय घेतलं. त्या जागी तुळशीचं पान धरलं असतं तरी ती उठली असती.

शुक्रवारचं लिहिलंस. दीपालीचे केस कमरेखाली जातात. बायका शुक्रवारी डोक्यावरून न्हातात. रोज सात-आठ मिनिटांची अंघोळ, त्या दिवशी पाऊण तास. तेवढा वेळ गीझर पेटलेला, दार बंद. नवऱ्याला काही होत नाही कारण तो दोन तांबे ओतून बाहेर येतो. सासू कशी नाहते ते विचार.

आता तुझं. "हवेची सोय आहे." खिडकी किती बाय किती असं मी विचारलं होतं. चाकणच्या कंपनीत तू दिवसभर पट्टी लावून माल मोजतोस आणि एका खिडकीचं माप तुला लिहिता आलं नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. तुला माहीत नाही, तुझ्या आईलाही नाही. काम सोडायच्या आदल्या वर्षी काळेवाडीत एका घरी मी बाथरूमच्या आत गीझर बसवला. गिऱ्हाईक म्हणालं, बाहेर ठेवला तर चोरीला जाईल. वर झरोका होता, तो त्यांनी थंडीत पुठ्ठा लावून बंद केला. मी सेल बदलायला गेलो तेव्हा पुठ्ठा पाहिला होता. बोललो नाही, कारण चहा येत होता आणि माणसं चांगली होती. पुढच्या आठवड्यात त्यांची सून गेली. बावीस वर्षांची. पोलिसांनी जबाब घेतला, त्यात मी लिहून दिलं: हवेची सोय होती. खाली सही केली. झरोका होताच की, खोटं काय होतं. मी सुटलो. गावाकडे करमत नाही म्हणून लोक पुण्याला परत जातात. मला ते जमत नाही, ते यामुळे.

तुझी बहीण जिवंत आहे. खिडकीचं काय केलंस ते मला लिहू नकोस. ज्या चार माणसांत मी बोलावं म्हणत होतास, त्यांच्यात तू बोल.

ज्योतीराम


मोशी
दि. २० जानेवारी २०२५

ती. मामा,
नमस्कार.

अंजलीचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. लगेच दीपालीला कळवलं आणि शिफ्ट संपल्यावर येऊन सिलिंडर काढला. तेव्हापासून गीझर बंद आहे.

आधी खोटं दुरुस्त करतो. तुमचं पहिलं पत्र मला शुक्रवारी संध्याकाळी नाही, गुरुवारी सकाळी मिळालं. ड्रायव्हरने माझ्या हातात दिलं. 'आजच सांग' हे मी गुरुवारी सकाळी वाचलं. फोन हातात होता. दीपालीला सांगितलं असतं तर ती का असं विचारणार, मग खिडकीचं निघणार, म्हणून रविवारी निवांत सांगू असं ठरवलं. शुक्रवारी ती पडली.

खिडकी दीड फूट बाय एक फूट होती. ती जिन्याकडे उघडते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई म्हणाल्या, नवी सून आहे, जिन्यातून माणसं जातात-येतात, काहीतरी लावा. मी माप घेतलं. अ‍ॅक्रेलिकची शीट कापून आणली, दुधी रंगाची. कडा घासल्या. चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं, बोटाने गुळगुळीत केलं. कंपनीत आम्ही फीलर गेज लावून फट तपासतो, ते पातं मी घरी आणून चारही कडांना लावून पाहिलं. कुठेच शिरलं नाही. मी फोटो काढून ठेवला. बसवताना दीपाली म्हणाली होती, दादा, वर थोडी फट ठेव, वाफ कोंडते. मी तिला म्हणालो, फट ठेवायची तर एवढं माप कशाला घेतलं.

शनिवारी शीट काढायला गेलो. निघेना. कटरचं पातं मोडलं. शेवटी हातोडीने फोडली. आतल्या बाजूला काजळीचा थर होता, त्यावर वाफेचे ओघळ सुकलेले. दुधी शीट राखाडी झाली होती, आणि हे मी चार तारखेला त्याच बाथरूममध्ये उभा राहून पाहिलं होतं. झुरळांच्या अंड्यांची मला किळस आली. त्याच्या हातभर अंतरावरच्या शीटबद्दल मी तुम्हाला एक शब्द लिहिला नाही. आता हात धुताना मला त्या अंड्यांची नाही, स्वतःची घाण वाटते.

बैठकीत दुर्गाबाई, भावजी आणि साक्षीला गोजाबाई होत्या. दीपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुरू व्हायच्या आधी भावजी मला गॅलरीत घेऊन गेले. त्यांना सिलिंडर का काढला ते थोडं कळलं होतं. म्हणाले, "राव, आपण असं म्हणू, गीझरच खराब निघाला. कंपनीचा माल. कुणाच्याच अंगावर नको." मामा, मला ते फार बरं वाटलं. मी हो म्हणालो.

आत आलो. मी म्हणालो, गीझर खराब निघाला. दुर्गाबाई लगेच म्हणाल्या, "मग आम्हाला का नाही झालं? त्याच गीझरवर आम्ही पण नाहतो. तिलाच बरं धरलं त्याने." भावजी मोबाईल बघायला लागले. दीपाली आत वळली. पिशवी भरलेलीच होती, ती आणायला.

मग मी मोबाईलमधला फोटो काढला आणि टीपॉयवर ठेवला. खिडकीचं, शुक्रवारचं, केसांचं, दार फुटल्यावर हवा लागली त्याचं, सगळं सांगितलं. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं होतं हेही सांगितलं. काही गाळलं नाही.

दुर्गाबाई म्हणाल्या, "मी पडदा लावायला सांगितलं होतं. पेटीसारखं बंद करायला नव्हतं सांगितलं."

गोजाबाई म्हणाल्या, "व्हय, पडदाच म्हणली ती, मी जिन्यात व्हते. आन् पोरा, एवढं शिकल्याली कंपनीतली माणसं तुमी, हवा लागती एवढं कळंना व्हय?"

भावजी पहिल्यांदा नीट बोलले. "आई, तूसुद्धा अंघोळ झाली की तासभर पडून राहतेस. पित्त म्हणतेस."  दुर्गाबाई म्हणाल्या, त्या दार किलकिलं ठेवूनच नाहतात, त्यांना कोंडल्यासारखं होतं. हे त्यांनी सहज सांगितलं. 

आज सकाळी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, डोक्याला तारा लावून फिटची तपासणी केली. पहिला प्रश्न त्यांनी तुमचाच विचारला, गीझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर. म्हणाले, हा फिटचा आजार नाही, बंद बाथरूममधल्या गॅसने असं होतं, अशी माणसं दर थंडीत येतात. गोळ्या बंद केल्या आणि तसं कागदावर लिहून दिलं. दुर्गाबाईंनी तो कागद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "झालं मग, सुटलो. चल घरी."

दीपाली म्हणाली, "मी केजला जाते."

"आता कशाला? काही निघालं नाही ना."

ती म्हणाली, "काही निघालं असतं तर तुम्ही मला पाठवणारच होता. पिशवी तुम्हीच भरायला लावली होती. ती भरलेलीच सोबत आणली आहे. मी आईकडे जाऊन राहते. न्यायला तुम्ही यायचं, आई. यांना एकट्याला पाठवलं तर मी येणार नाही." आवाज चढवला नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून, स्कार्फ बांधत बोलली. दुर्गाबाईंनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी तिची पिशवी उचलली.

आता तिला भोसरीला ट्रॅव्हल्सवर बसवायला मी जाणार आहे. रविवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मघाशी जेवताना बोलली. म्हणाली, "दादा, चार माणसांत सांगितलंस ते बरं केलंस. पण मला त्यांच्याबरोबरच कळलं. नऊ दिवस मी रात्री जीभ दाताखाली येऊ नये म्हणून पदराची गुंडाळी तोंडात धरून झोपत होते. तुला गुरुवारपासून माहीत होतं."

  तिने ताट उचललं, माझंही उचललं.

आईला आता तुम्ही सांगा किंवा दीपाली सांगेल. माझं नाव गाळू नका. गीझर मी उतरवून ठेवला आहे. गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवायला चांगला मिस्त्री बघा असं भावजींना सांगितलं. ते म्हणाले तूच बसव. मी नाही म्हणालो.

ती उद्या सकाळी केजला उतरेल. पत्र ड्रायव्हरकडे देत नाही, तिच्याच पिशवीत ठेवतो. पाकीट चिकटवलेलं नाही. तिला वाटलं तर तिने वाटेत वाचावं.

तुमचा,
समाधान